आतल्या भिंतीवरची डबी

मी भिंतीवरची डबी बोलतोय. हो, तीच. लाइटच्या बटणांशेजारी असते ती पांढरी, हाताच्या पंजाएवढी, जिच्याकडे तुम्ही कधी मान वर करून बघत नाही. माझं खरं नाव तापमानाचा सेन्सर. पण त्या नावाने मला फक्त बिलात हाक मारतात, बाकी सगळे डबीच म्हणतात. मला त्याचं आता काही वाटत नाही. ह्याहून वाईट बरंच सोसून झालंय.

आधीच सांगून ठेवतो, माझं तोंड कडू झालेलं आहे. आता मला तोंड कुठे आहे म्हणाल, तर नाही, म्हणून तर एवढे दिवस गप्प होतो. गोडगोड जीवनकहाणी ऐकायची असेल तर एखाद्या छत्रीकडे नाहीतर शाळेतल्या बाकाकडे जा. ती बिचारी शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळी होतात. मला ते जमणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. जन्मल्याबरोबर मला आधी गार पेटीत कोंडलं, मग गरम पेटीत. हातमोजे घातलेली एक बाई दोन्ही वेळा माझा आकडा तिच्या यंत्राशी ताडून बघत होती. "हा बरोबर बोलतोय," असं ती शेजारणीला म्हणाली आणि तिने माझ्या पाठीवर हिरवी चिकटपट्टी लावली. आयुष्यात माझं कौतुक झालं ते एवढंच. आणि मला येतं तेही एवढंच. माझ्या अंगाला जी हवा लागते ती किती तापलेली आहे, ते सांगायचं. वर चढवून नाही, खाली उतरवून नाही, कोणाचं मन राखायला तर मुळीच नाही.

मला विकत घेतलं एका संशोधन संस्थेने. तिथे एक मोठा प्रकल्प चालू होता. ऑफिसांच्या काचेच्या इमारती असतात ना, खिडक्या न उघडणाऱ्या, त्या गार ठेवायला भरमसाट वीज लागते. वीज करायला कोळसा जळतो, कोळशाचा धूर होतो, आणि त्या धुरातल्या कार्बनपायी अख्खं जग तापायला लागलंय म्हणतात. म्हणजे आत चार माणसं गार बसावीत म्हणून बाहेर सगळ्यांना भाजायचं! असला उद्योग माणसालाच सुचू जाणे. तर आतल्या लोकांना त्रास न होता हा धूर कमी कसा करता येईल, ते शोधायचा तो प्रकल्प होता. हेतू चांगला होता. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते काही चोर-दरोडेखोरांनी केलं नाही. चांगल्या हेतूच्या, चांगल्या घरच्या माणसांनी केलं.

प्रकल्पाची प्रमुख होती ताई. ऑफिसात तिला सगळे मॅडम म्हणायचे. पण मी ताई म्हणतो, कारण तिला मारलेली पहिली हाक माझ्या कानावर आली ती तशी. मला जिथे लावायचं होतं त्या इमारतीत एका विमा कंपनीचं ऑफिस होतं. तिसऱ्या मजल्यावर एक मोठा हॉल, रांगेने टेबलं, टेबलागणिक फोन आणि प्रत्येक फोनवर कोणीतरी लोकांच्या तक्रारी ऐकत बसलेलं. त्यांतच मधल्या रांगेत ताईची सख्खी धाकटी बहीण बसायची. "अगं ताई, तू इथे कुठे?" म्हणत ती कानावरचा हेडफोन गळ्यात टाकून उठली आणि अख्ख्या हॉलदेखत तिने ताईला मिठी मारली. ताईने तिच्या केसांत अडकलेला कागदाचा कपटा काढला. आईने धाकटीचं नाव लहानपणी 'कुरकुरी' ठेवलं होतं, ते ताईने तिथेच सगळ्यांना सांगून टाकलं. हिला सतत काहीतरी टोचायचं, कधी उकडायचं, कधी गार वाटायचं. हॉल हसला, धाकटीही हसली. मला तेव्हा ह्या दोघी फार आवडल्या होत्या.

माझी जागा ताईने स्वतः ठरवली. खिडकीपासून लांब, ऊन लागणार नाही अशी, कुठल्याही झोताच्या वाटेत नाही आणि माणसं बसतात त्याच्या जरा वर. माझा आकडा तारेतून दोन ठिकाणी जाणार होता. एक, अख्खी इमारत गार ठेवणाऱ्या गच्चीवरच्या मोठ्या यंत्राला. हॉल तापला की त्याने जास्त काम करायचं, निवला की विसावा घ्यायचा. आणि दुसरं, ताईच्या कॉम्प्युटरवर. वायरमन भिंतीला भोकं पाडत असताना ताईच्या हाताखालच्या इंजिनीअरने विचारलं, की टेबलांवरच्या, केबिनमधल्या प्लगची वीजही मोजायची का. ताईने त्या वायरींच्या जंजाळाकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. नको, फक्त गच्चीवरच्या यंत्राची वीज मोजू, प्लग आपल्या हद्दीबाहेर. नाहीतर कोणाची किटली, कोणाचा मोबाइल, ह्यातच जन्म जाईल.

मलाही ते पटलं होतं. ह्या धंद्यात सगळे असंच करतात. कागदावर एक रेघ मारतात, रेघेच्या आतलं मोजतात आणि बाहेरचं सोडून देतात. सगळं कोण मोजत बसणार?

सुरुवात चांगली झाली, ते नाकारत नाही. आधी त्या इमारतीत इतकं गार करून ठेवायचे, की बाहेर अंगाची लाहीलाही होत असताना हॉलमधल्या बायका शाली घेऊन बसायच्या. ताईने गारवा दोन अंश कमी केला. शाली खुर्च्यांच्या पाठीवर गेल्या. धाकटीने तर आपली घरीच नेऊन ठेवली. गच्चीवरच्या यंत्राची वीज थोडी उतरली. फार नाही, पण उतरली ती खरोखर उतरली.

आणि मग गारवासाहेब जागे झाले.

गारवासाहेब म्हणजे इमारतीचे व्यवस्थापक. हे नाव त्यांना हॉलने ठेवलेलं, अर्थात पाठीमागे. हॉलच्या भोवताली साहेब लोकांच्या केबिनी होत्या आणि त्यांत सगळे कोट-टाय घालून बसायचे. त्यांना ते दोन अंश सोसवेनात. कोट काढून ठेवावा, हे एकालाही सुचलं नाही. कोट काढला तर साहेब आणि बाकीचे ह्यांत फरक तो काय राहिला? गारवासाहेबांनी मग केबिनीगणिक एकेक चाकांवरचा एसी आणून दिला. घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ढकलत नेतात, तसला. त्याची वीज प्लगमधून, म्हणजे ताईच्या हद्दीबाहेर. ती कोणी मोजतच नव्हतं.

आता ह्या चाकांवरच्या एसीची गंमत ऐका. तो खोली गार करतो म्हणजे काय, खोलीतली उष्णता उचलतो आणि पाठीमागच्या जाडजूड नळीतून बाहेर फेकतो. नळी खिडकीतून बाहेर सोडायची असते. पण इथल्या खिडक्या न उघडणाऱ्या. मग ह्या शहाण्यांनी काय करावं? छताच्या फळ्या सरकवून सगळ्या नळ्या हॉलमध्ये सोडल्या! हॉलच्या छताला ओळीने तोंडं लटकली आणि साहेबांच्या खोल्यांतली सगळी उष्णता धाकटीच्या आणि तिच्या शेजारणींच्या डोक्यावर ओतली जायला लागली.

शी! मला माणसांचं पुष्कळ काही माहीत आहे. आजूबाजूला कोणी नसलं की ती काय करतात, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणी पिऊन परत नळाचं कसं भरून ठेवतात, सगळं बघितलंय. त्याचं हसू येतं. ह्याचं हसू नाही आलं. आपली उष्णता दुसऱ्याच्या डोक्यावर सोडून आत गार बसायचं आणि वर दाराला पाटी लावायची, 'कृपया दार बंद ठेवा, गारवा जातो'. ती पाटी मी रोज वाचत होतो.

मी माझं काम केलं. हॉल एकतीसवर गेला, मी एकतीस सांगितलं. बत्तीस झालं, बत्तीस सांगितलं. गच्चीवरचं यंत्र ऊर फुटेस्तोवर धावायला लागलं आणि त्याची वीज चढली. ताईने लगेच गारवासाहेबांना फोन केला, की हॉलचा आकडा असा का चढतोय. गारवासाहेब माझ्यासमोर उभे राहून, माझ्याकडे बघत बोलत होते. म्हणाले, मॅडम, तुमच्या डबीवर दुपारचं ऊन येतंय, ती उगाच जास्त दाखवते. मी तिला आतल्या भिंतीवर घेतो.

ऊन! माझ्यावर! त्या भिंतीला खिडकी नव्हती हो. खिडकीपासून लांब म्हणून तर ताईने स्वतः तिथे मला लावलं होतं. तिला आठवायला हवं होतं. पण तिच्यामागे अशा पुष्कळ इमारती, शेकडो डब्या, आणि सेन्सरला ऊन लागू देऊ नये, हे तर तिच्या पुस्तकातच लिहिलेलं. कारण ओळखीचं निघालं की कोणी त्याची चौकशी करत नाही. बरं, घ्या, म्हणाली. आतली भिंत म्हणजे कुठली भिंत, हे तिने विचारलं नाही.

ती गारवासाहेबांच्या केबिनची भिंत होती. चाकांवरच्या एसीच्या बरोबर तोंडासमोर.

तिथून पुढे मी तेवीस सांगायला लागलो. खोटं नव्हतं ते. माझ्या अंगाला लागत होती ती हवा तेवीसच होती. गच्चीवरच्या यंत्राला वाटलं, वा, हॉल छान निवलाय. ते हातपाय पसरून बसलं. त्याची वीज धाडकन खाली आली आणि तिकडे ताईच्या कॉम्प्युटरवर विजेची रेघ अशी घसरली, की तिच्या ऑफिसात म्हणे टाळ्या पडल्या. संस्थेच्या संचालकांनी ही इमारत सगळ्यांपुढे नमुना म्हणून ठेवायची ठरवली. हिचा आकडा दाखवायचा आणि हाच प्रयोग पुढे आणखी इमारतींत न्यायचा. एवढी बचत कुठेच झाली नव्हती. होणार कशी? एवढी लबाडीही कुठे झाली नसेल.

धाकटीला तेव्हा दिवस गेलेले होते. पोट दिसायला लागलं होतं. एका दुपारी ती गारवासाहेबांकडे तक्रार घेऊन आली. दारातच थबकली. गार हवा अंगावर आली तसे तिचे डोळे मिटले आणि एक मोठा श्वास घेऊन ती तिथेच उभी राहिली. घामाने तिचा कुर्ता पाठीला चिकटला होता. गारवासाहेबांनी तिला बसाही म्हटलं नाही. तिची ताईच प्रकल्पाची प्रमुख, म्हणून त्यांनी सरळ ताईलाच फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला. तुमच्या भगिनींची तक्रार आहे मॅडम, म्हणाले, तुम्हीच समजवा.

"ताई, हॉलमध्ये बसवत नाही गं," धाकटी म्हणाली. "जीव घाबरा होतो."

"अगं, मी बघतेय ना समोर. तेवीस आहे तिथे. ह्या दिवसांत अंग तापतंच, आईला विचार हवं तर. आणि तुझी कुरकुर काय मला नवीन आहे?"

धाकटीने हाताने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "इथे साहेबांकडे छान आहे. तू एकदा बाहेर येऊन बस आमच्यात. फक्त बस येऊन."

"येते. रिपोर्ट हातावेगळा झाला की येते."

गारवासाहेबांनी फोन ठेवला आणि दोन्ही हात पसरून हसले. मी भिंतीवर होतो, त्या दोघांच्या अगदी मधोमध. माझ्या खरेपणाची मला तेव्हा किळस आली. मी खरं सांगत होतो, हो, पण भलत्याच खोलीचं. आणि त्या खऱ्यावर भरवसा ठेवून एक बहीण दुसरीला खोटी ठरवत होती. धाकटी परत जाऊन जागेवर बसली. तिला लोकांच्या तक्रारी ऐकायच्या होत्या ना.

मग पाहुण्यांचा दिवस उजाडला. संचालक आणि आणखी कोणी बडी मंडळी नमुना इमारत बघायला आली. बघायला म्हणजे काय, गारवासाहेबांच्या केबिनमध्ये बसायला. सरबत आलं. ताई भिंतीवर चित्रं टाकून समजावत होती, की गारवा किती कमी केला, वीज किती उतरली, आणि एवढं करून एकाही माणसाला त्रास झालेला नाही. ती शेवटची ओळ तिने दोनदा म्हटली. मंडळी माना डोलवत होती. मीही भिंतीवर होतो, पण एकाचंही लक्ष गेलं नाही. त्या बडबडीत बाहेरून खुर्ची पडल्याचा आवाज आला आणि कोणीतरी धावत येऊन दार उघडलं. "मॅडम, तुमची बहीण पडली."

ताई धावली. दार उघडंच राहिलं.

आणि दारातून हॉलची हवा माझ्यापर्यंत आली. इतके दिवस मी गार झोतासमोर होतो, बाहेरची हवा मला लागलीच नव्हती. माझा आकडा भराभर चढायला लागला. गारवासाहेब लगबगीने उठून दार लावायला गेले. दार लावायला हो! बाहेर एक पोटुशी बाई जमिनीवर पडलीय आणि हा गृहस्थ गारवा जातो म्हणून दार लावतोय. त्याक्षणी त्यांच्या टेबलावर भिंतीवरून उडी मारून पडावं, असं वाटलं मला.

हॉलमध्ये काय झालं ते मी नंतर ऐकलं. शेजारणी धाकटीला फाइलने वारा घालत होत्या. ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या नळ्यांच्या खाली बसत होती. थोड्या वेळाने तिच्याही कपाळावरून घाम निथळायला लागला, तेव्हा तिने वर बघितलं. छताला ओळीने लटकलेली ती तोंडं बघितली. मग भिंतीकडे बघितलं. माझ्या जागी स्क्रूची दोन भोकं होती. एका शेजारणीने विचारलं, की डबी शोधताय का, ती साहेबांच्या खोलीत आहे की. त्यांच्या लेखी ही काही लपवाछपवी नव्हतीच. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, मग सांगणार कोणाला?

ताई परत केबिनमध्ये आली, पाहुण्यांदेखत खुर्चीवर चढली आणि तिने मला भिंतीवरून ओरबाडलं. एक स्क्रू उडून संचालकांच्या सरबतात पडला. मला पर्समध्ये कोंबून ती धाकटीबरोबर दवाखान्यात गेली.

पर्समधून दिसत नाही, पण ऐकू येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळ ठीक आहे, आईला उष्णतेचा त्रास झालाय, हे आणखी थोडे दिवस चाललं असतं तर सांगता आलं नसतं. आता घरी झोपून राहायचं. मग त्या दोघींची आई आली. तिने सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही, आवाजही चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुझ्याच इमारतीत ना गं?" धाकटी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, असं आईच्या बोलण्यावरून कळलं.

संचालकांच्या बैठकीत ताईने मला टेबलावर ठेवलं, माझ्या तुटक्या वायरींसकट. काय झालं ते सगळं सांगितलं. केबिनमधल्या एसींची वीज अंदाजाने धरली तरी ह्या इमारतीत कार्बन कमी नाही, उलट वाढलाय, हेही सांगितलं. आकडा मागे घ्या, म्हणाली. पुढच्या इमारतींत हा प्रयोग असाच नेऊ नका.

संचालक चांगले गृहस्थ होते. आधी त्यांनी बहिणीची विचारपूस केली. मग चष्मा पुसत म्हणाले, "हद्द तुम्हीच आखली होती, मॅडम. त्या हद्दीत हा आकडा खराच आहे."

"हद्दीबाहेर माझी बहीण बसली होती," ताई म्हणाली.

"त्याचं आम्हा सगळ्यांनाच वाईट वाटतं. पण एका इमारतीपायी अख्खा प्रकल्प बुडवायचा का? प्रकल्प बंद पडला तर जो काही थोडा धूर कमी होतोय, तोही व्हायचा थांबेल. ह्याचा विचार करा."

बघा, कसं असतं. ह्यातलं एकही वाक्य खोडून काढता येत नाही. मी त्या टेबलावर पडून सगळ्यांचे चेहरे बघत होतो. एकही माणूस वाईट दिसत नव्हता. सगळे थकलेले, समंजस, नीट भांग पाडलेले. गारवासाहेबांचा तरी मला नुसता राग यायचा. ह्या चांगल्या माणसांची जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही.

ताईने रिपोर्टवर सही केली नाही. दुसऱ्या कोणीतरी केली. रिपोर्ट छापून आला, आकडा तोच, फक्त पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ, की हा अभ्यास केवळ गच्चीवरच्या यंत्रापुरता आहे. प्रकल्प पुढे नव्या इमारतींत गेला, त्याच हद्दीसकट. गारवासाहेबांना पर्यावरणाचं बक्षीस मिळालं. ते त्यांनी केबिनमध्ये ठेवलंय, चाकांवरच्या एसीवर. ताईला प्रकल्पावरून काढलं नाही. आपल्याकडे कोणाला काढत नाहीत, बाजूला बसवतात. तिला संस्थेतली जुनी उपकरणं सांभाळायला दिली. त्यांत मीही होतो. तिने मला दुरुस्त केलं आणि एक दिवस स्वतः येऊन हॉलच्या भिंतीवर पुन्हा बसवलं, जुन्याच भोकांत. तिला ते काम कोणी सांगितलेलं नव्हतं.

बाई पडल्याचा बोभाटा झाला म्हणून कंपनीने हॉलमधल्या नळ्या काढल्या. एसी काढले नाहीत हं, फक्त नळ्यांची तोंडं वळवली. आता ती मागच्या जिन्यात उघडतात. झाडलोट करणाऱ्या बायका दुपारी तिथे डबा खायला बसतात. जिन्यात सेन्सर नाही, त्यामुळे तिथे किती तापतं ते मला सांगता येत नाही. त्या बायका मात्र हल्ली डबा घेऊन खाली गाड्यांपाशी जाऊन बसतात. कोणी त्यांना का म्हणून विचारलेलं नाही.

हॉल आता पंचवीसवर असतो. मी जागेवर आहे, माझं काम चोख चाललंय, सगळं कसं छान आहे. धाकटीला मुलगी झाली. काही महिन्यांनी ती कामावर परत आली. आली त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ताई आली. बाळाचे फोटो बघितले, अंगावर दूध पुरतं का विचारलं, आई बाळाला कशी सांभाळते ते विचारलं. धाकटी सगळ्याला नीट उत्तरं देत होती. परक्या बाईला देतात तशी. बोलणं संपलं तरी ताई गेली नाही. तिथेच टेबलाच्या कडेला बोट घासत उभी राहिली.

"आता बरं आहे ना गं इथे?" तिने शेवटी विचारलं. "उकडत नाही ना?"

धाकटीने हेडफोन कानावर चढवला आणि हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

"मला कशाला विचारतेस? त्याला विचार की."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने बटण दाबलं, खुर्ची पुढे ओढली आणि कुठल्याशा अनोळखी माणसाला अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बोला, मी ऐकतेय."

ताईने वर माझ्याकडे बघितलं. पंचवीस, मी सांगितलं. दुसरं काय सांगणार होतो?

तुमच्याही भिंतीवर कुठेतरी मी आहे. माझा आकडा खरा असेल, ह्याची हमी देतो. पण हात जोडता आले असते तर हात जोडून सांगितलं असतं, की माझ्याकडे बघायच्या आधी तिथे बसलेल्या माणसाला विचारा. तो सांगतोय तोवर विचारा. ही धाकटी आता ताईला काही सांगत नाही.